केसभर

ग्युमरीत मार्च लागला तरी शेडच्या कडीवर बर्फ धरतो,
पाना उचलला की बोटं त्याला चिकटतात.
हमायाक उस्ता आधी पाने शेगडीवर शेकतो,
मग हात,
मग गिऱ्हाइकाचं ऐकतो.

"नुसती ठकठक," रझमिक सांगत होता,
"येरेवानच्या रस्त्याला, चढावर, खोकल्यासारखी."
त्याची ओपेल. टॅक्सी. चार लाख किलोमीटर,
आरशाला क्रॉस आणि मुलीचा एक तान्हेपणचा मोजा.

तेलाची तळी उघडली.
काळ्या तेलात सोनेरी चुरा तरंगत होता.
"बघा, सोनं निघालं," रझमिक म्हणाला.
कुणी हसलं नाही.

बेअरिंगच्या पाकळ्या मी फडक्यावर ओळीनं मांडल्या.
ज्या दांड्याची टोपी त्यालाच,
याची टोपी त्याला इथे चालत नाही.
राखाडी मुलामा उडून खालचं तांबं उघडं पडलेलं,
पातेल्याची कल्हई जावी तसं,
तिसऱ्या नंबरवर जास्त.
उस्तानं क्रँकवरून अंगठ्याचं नख ओढलं.
अडलं.
क्रँक गेला लेवोनच्या लेथवर.

जाड पाकळ्या रझमिकनं आणल्या, घासाघीस करून.
"पण बोल्ट कशाला नवे? लोखंडाला काय होतंय?"
उस्तानं खिडकीतली काच काढून टेबलावर आडवी ठेवली,
तिच्यावर एक जुना बोल्ट, एक नवा, डोक्याला डोकं लावून.
जुना केसभर लांब होता.

तुटेपर्यंत ताणू नये, म्हणतात.
हा तुटला नव्हता.
ताणला गेला, आणि परत आला नाही,
एवढंच.

दाराशी एक इंजिनाचा ब्लॉक पडून आहे,
कुशीला मुठीएवढं भोक. आमची मांजर त्यात निजते.
"ही कुणाची गाडी?" रझमिकनं विचारलं.
"माझी," उस्ता म्हणाला. "आठ बोल्टांचे पैसे वाचवले होते."
त्याच्या डाव्या पायाकडे
आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

बोल्ट तिबिलिसीहून यायचे, बसवाल्याच्या हाती.
नऊ दिवस लागले.
नऊ दिवस रझमिक इथंच, सूर्यफुलाच्या बिया फोडत,
सालपटं माझ्या झाडलेल्या फरशीवर.

पाकळ्या बसवल्या, त्यावर मेणाचा हिरवा धागा,
टोपी आवळली, पुन्हा उघडली.
मापापुरते जुनेच बोल्ट. नवा एकदाच आवळतात.
धागा चपटा झालेला. कागदी पट्टीशी ताडून पाहिला:
मिलिमीटरचे चार शतांश.
"इथं तेल राहतं," उस्ता म्हणाला.
"सगळा जन्म मिठीत, आणि अंगाला अंग लागत नाही.
लागलं की संपलं."
शोघिककाकू चहा घेऊन आल्या होत्या.
"चाळीस वर्षं मी दुसरं काय सांगतेय?" म्हणाल्या,
आणि कप आदळून गेल्या.

"न्वार्द, शेवटचे तू आवळ."
पंचवीसवर पाना टक् करून बोलला.
पुढचे तीस अंश जोरावर नाहीत, कोनावर.
खडूची खूण, श्वास धरून.
कुठेतरी मधेच मनगटाला कळलं
की लोखंड मऊ पडलंय,
आतल्या आत वाढतंय.
मी थांबले.
"थांबू नकोस. तेच त्याचं काम.
ताण धरला नाही तर धरणार काय?"

आधी प्लग काढून इंजिन नुसतं फिरवलं.
तेलाचा लाल दिवा. सात. आठ. नऊ.
अकराला विझला.
रझमिकनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.
जुन्या बोल्टांतला एक उचलून खिशात टाकला,
कशाला ते सांगितलं नाही.

नव्यांचे पैसे अजून यायचेत.
बटाट्यांचं एक पोतं आलं,
ते मी वहीत वेगळं लिहिलंय.